वाचकांचे प्रश्न : पडदा काळाच राहतो तेव्हा

पाऊस ओसरला की या सदराकडे एकच तक्रार वरचेवर येते: कॉम्प्युटर सुरू होतो, पण मॉनिटरवर काही दिसत नाही. यातली बरीच पत्रे 'नवा मॉनिटर कोणता घ्यावा?' या प्रश्नाने संपतात. खरेदीचा सल्ला आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. काळ्या पडद्याचे कारण पुष्कळदा मॉनिटरच्या बाहेर असते, आणि ते शोधायला निम्म्या वेळा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही पुण्यात असतो. गावचे घर जूनपासून बंद होते, ते चवथीला उघडले. कॉम्प्युटर लावला तर सीपीयूचा पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण मॉनिटर काळा. त्याच्या बटणाजवळ पिवळा दिवा लुकलुकतो. मॉनिटरमध्ये ओल गेली असेल का? दोन दिवस उन्हात ठेवू का?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : उन्हात अजिबात ठेवू नका. पडद्यावरचा पातळ थर तापून फुगला की त्याला उपाय नाही.

लुकलुकणारा पिवळा दिवा तुमच्या मॉनिटरच्या बाजूने साक्ष देतो आहे. त्याच्यापर्यंत वीज पोचते आहे, त्याचा आतला बोर्ड जागा आहे आणि तो चित्राची वाट बघतो आहे. दिवा मुळीच लागला नसता तर सॉकेट, वायर आणि मॉनिटरचा पॉवर बोर्ड या बाजूने शोध घ्यावा लागला असता. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, पण साधारणपणे स्थिर निळा किंवा पांढरा म्हणजे चित्र येते आहे, पिवळा किंवा लुकलुकणारा म्हणजे सिग्नल नाही.

खात्री करायची तर मॉनिटरला एकट्याला विचारा. चित्राची केबल, मग ती एचडीएमआय असो, व्हीजीए असो की डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूने काढून टाका. पॉवरची वायर तेवढी राहू द्या. मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक सिग्नल केबल' अशी चौकट काही सेकंद दिसली, तर पडदा, त्यामागचा उजेड आणि पॉवर बोर्ड तिन्ही ठीक आहेत. मॉनिटर दुकानात नेण्याचे कारण तिथेच संपते.

आता केबल पुन्हा लावा आणि मॉनिटरच्या मेनूत जाऊन 'इनपुट' किंवा 'सोर्स' बघा. केबल एचडीएमआयला आणि मेनूत व्हीजीए निवडलेले, असे पुष्कळ घरांत सापडते. 'ऑटो' वर विसंबू नका, हाताने निवडा.

तरीही काळाच असेल तर कीबोर्डवरचे नमलॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर सुरू झालेला आहे आणि दोष चित्राच्या वाटेवर आहे: केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स कार्ड. दिवा ढिम्म असेल तर कॉम्प्युटर स्वतःच अडकला आहे आणि मॉनिटरला दाखवायला काही मिळतच नाही. पंखा फिरतो म्हणून सीपीयू ठीक, हा समज सोडून द्या. पंख्याला फक्त १२ व्होल्ट पुरतात, त्याला प्रोसेसरशी देणेघेणे नसते. (वायरलेस कीबोर्डवर हा दिवा बहुधा नसतो. शेजारून साधा वायरचा कीबोर्ड मागून घ्या.)

तीन महिने बंद घरात राहिलेल्या मशीनमध्ये नमलॉक ढिम्म निघणार, असा आमचा कयास आहे, आणि पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डमध्ये खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क आणि स्लॉटमधल्या बारीक पिना एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांच्यावर मळ आणि गंजाचा पापुद्रा बसतो. किनाऱ्यालगत हवेत मीठही असते, आणि मीठ ओल धरून ठेवते. संपर्क तुटला की मदरबोर्ड पुढे सरकत नाही.

काम असे करा. पॉवरची वायर भिंतीतून काढा, मग सीपीयूचे बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. कॅबिनेट उघडा. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, नाहीतर अंगावरची स्थिर वीज पट्टीत उतरते. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलून पट्टी सरळ वर काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन सोनेरी भाग पुसा. रिपेअरिंगवाल्यांकडे ते मिळते. त्याने भागले नाही तरच पांढरा मऊ खोडरबर, तोही हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि खोडरबर तो खरवडतो. दरवर्षी खोडरबर घासणाऱ्यांच्या रॅम त्याच कारणाने लवकर दगा देतात. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकीचे कण असतात. कोरडा मऊ ब्रश पुरे.

पट्टी परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना समान दाब द्या. दोन्ही बाजूंना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एका बाजूचाच आवाज आला तर पट्टी तिरकी बसली आहे. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा, मग दुसरी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एकटी पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटात लावायची असते.

एवढ्याने झाले नाही तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल बघा, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीनला वीज नसते तेव्हा बोर्डावरचे घड्याळ आणि सेटिंग या सेलवर तगून असते. जुना सेल बंद घरात महिनोन् महिने हाच भार वाहून उतरतो. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला. सेल काढून ५ ते १० मिनिटे तसेच ठेवा (पॉवरची वायर काढलेलीच हवी), म्हणजे बिघडलेले सेटिंग पुसले जाऊन बोर्ड मूळ सेटिंगवर येतो. पहिल्यांदा सुरू करताना तारीख चुकीची दाखवेल आणि एफ १ दाबायला सांगेल. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

बंद घराबद्दल एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती चित्रापेक्षा महत्त्वाची आहे. पुढच्या वेळी घर उघडल्यावर लगेच बटण दाबू नका. खिडक्या उघडून, पंखा लावून मशीन एक दिवस कोरडे होऊ द्या. आत बॅटरी मारून बघा. मुंग्यांनी सॉकेटमध्ये आणि एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या) जाळीत वारूळ केलेले असते, पालीची अंडी असतात, क्वचित मेलेली पालही. अशा एसएमपीएसला वीज दिली की आत ठिणगी उडते, आणि मग रॅम पुसून उपयोग नसतो. निघताना मशीन प्लास्टिकने झाकून जाऊ नका, आत ओल कोंडते. सुती चादर बरी.

प्रश्न : माझा मॉनिटर २००९ चा आहे. चालू केला की दोन सेकंद चित्र दिसते आणि अंधार होतो. बंद करून पुन्हा चालू केला की पुन्हा दोन सेकंद. कधी कधी दहा-बारा वेळा केल्यावर टिकतो. दुकानदार म्हणतो पॅनेल गेले. खरे आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, बहुधा गेलेले नाही. खोली अंधारी करा, चित्र विझल्यावर मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा आणि जवळून बघा. अंधूक का होईना, आयकॉन किंवा माउसचा बाण दिसला तर चित्र जागेवर आहे, गेला आहे तो मागचा उजेड.

त्या काळच्या मॉनिटरमध्ये उजेडासाठी बारीक काचेच्या नळ्या असत, ट्यूबलाइटच्याच जातीच्या. त्या पेटवायला आतला इन्व्हर्टर एक हजार व्होल्टहून अधिक दाब तयार करतो. प्रत्येक नळीतून किती प्रवाह जातो यावर त्याची नजर असते. एखादी नळी थकली, तिची जोडणी सैल झाली किंवा इन्व्हर्टरला मिळणारा पुरवठा डळमळला, की तो दोन सेकंदांत सगळ्याच नळ्या विझवतो. हे त्याचे संरक्षण आहे. तुम्हाला दिसणारे दोन सेकंद ते हेच.

पण तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य अधिक बोलके आहे. दहा-बारा प्रयत्नांनी मॉनिटर टिकतो, याचा अर्थ पॉवर बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले असावेत. सुकलेल्या कपॅसिटरचा आतला अडथळा थंड असताना जास्त असतो आणि तो थोडा गरम झाल्यावर उतरतो. म्हणून पहिल्या प्रयत्नांत अपयश आणि नंतर यश. नळी मेली असती तर ती सहसा अशी गरम होऊन वठणीवर आली नसती.

हे कपॅसिटर ओळखायला सोपे असतात. माथा सपाट असायला हवा, तो फुगलेला दिसतो. कधी वरच्या फुलीच्या खाचेतून किंवा बुडातून तपकिरी द्रव झिरपून वाळलेला असतो. माथा सपाट असूनही आतून सुकलेला कपॅसिटर असतो, म्हणून शंका आली की ईएसआर (म्हणजे हाच आतला अडथळा) मीटरने मोजतात. अशा बोर्डावर बहुधा ४७०, ६८० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचे नग असतात. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचे आणि जात 'लो ईएसआर'. साधे ८५ अंशांचे कपॅसिटर बसवले तर मॉनिटर चालतो, पण थोड्याच महिन्यांत तीच तक्रार परत येते. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजूची असते, ती उलट्या बाजूला बसली तर कपॅसिटर फुटतो. एक फुगलेला दिसला तरी त्या बाजूचे सगळे एकदम बदला. त्यांचे वय एकच आहे.

हे काम घरी करायचे की नाही, याबद्दल आम्ही स्पष्ट आहोत: सोल्डरिंगचा हात नसेल तर करू नका. पॉवर बोर्डावरचा सर्वांत मोठा कपॅसिटर, ४०० किंवा ४५० व्होल्टचा, २३० व्होल्टच्या लाइनवर सुमारे ३२५ व्होल्ट साठवतो आणि वायर काढल्यावरही ते काही काळ धरून ठेवू शकतो. कारागीर ४.७ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन पायांना काही सेकंद टेकवून ते उतरवतो आणि मीटरने खात्री करतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करणे हा उपाय नाही.

दुकानदाराकडे पुन्हा जा आणि 'पॅनेल गेले' ऐवजी 'पॉवर बोर्ड उघडून कपॅसिटर दाखवा' असे म्हणा. सुट्या कपॅसिटरची किंमत किरकोळ असते, पैसे लागतात ते मजुरीचे. नळीच गेली असेल तर मात्र आता खर्च करू नका. तसल्या नळ्या मिळणे अवघड झाले आहे आणि त्यांत थोडा पारा असतो, त्यामुळे फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए पोर्ट आहे, नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय. बाजारातून एचडीएमआय-व्हीजीएची छोटी पिन आणली. चित्र येत नाही.
– एक शिक्षिका, काणकोण

उत्तर : पिन उलट दिशेची आहे. ती नव्या कॉम्प्युटरमधून जुन्या मॉनिटरकडे जाण्यासाठी असते. आतली चिप एचडीएमआयचा डिजिटल सिग्नल व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग करते, उलटा प्रवास तिला येत नाही. तुम्हाला 'व्हीजीए टू एचडीएमआय' हवे, आणि ते घेताना यूएसबीची शेपटी असलेलेच घ्या. व्हीजीएमधून चिपला भरवशाची वीज मिळत नाही. आवाज हवा असेल तर ३.५ मिलिमीटरची ऑडिओ पिन असलेले बघा. आणलेली पिन फेकू नका. एखाद्या नव्या लॅपटॉपला शाळेचा जुना प्रोजेक्टर जोडायचा झाला तर तीच लागेल.

प्रश्न : मुलाने सुटे भाग मागवून स्वतः कॉम्प्युटर जोडला. सगळे पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. प्रोसेसर १२४०० एफ आहे. मॉनिटर बदलून पाहिला, तेच. भाग परत पाठवायची मुदत संपत आली आहे.
– एक वाचक, वास्को

उत्तर : घाईने काही परत पाठवू नका. तुमच्या पत्रातले 'एफ' हे एक अक्षर आधी बघू. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात चित्र काढणारा भागच नसतो. तसा प्रोसेसर असताना केबल मदरबोर्डाच्या मागच्या एचडीएमआयमध्ये लावली तर जन्मात चित्र येणार नाही. केबल ग्राफिक्स कार्डात हवी, म्हणजे कॅबिनेटच्या खालच्या भागात आडव्या बसवलेल्या पट्टीवरच्या पोर्टमध्ये. कार्ड घेतलेच नसेल तर ते घ्यावे लागेल. एएमडीतही असा फरक आहे: रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे.

केबल कार्डातच आहे? मग कार्डावर ६ किंवा ८ पिनांचे वेगळे पॉवर सॉकेट आहे का आणि त्यात एसएमपीएसची वायर आहे का, ते बघा. कार्ड स्लॉटमध्ये शेवटपर्यंत दाबून बसवलेले हवे, खिट्टी लागल्याचा आवाज येतो. आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांचे एक सॉकेट असते, पहिल्यांदा जोडणाऱ्याकडून ते हमखास राहते. ते राहिले तर पंखे फिरतात, दिवे नाचतात, प्रोसेसरला मात्र वीज नसते. नेमके तुम्ही लिहिले आहे तसे चित्र.

बऱ्याच नव्या बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (इथे प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). सुरू करताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे. मुलाला त्याकडे बघायला सांगा, अंदाज करण्यात वेळ जाणार नाही. डीरॅमचा दिवा लागून राहिला आणि रॅम डीडीआर ५ या नव्या जातीची असेल, तर पहिल्याच वेळी थांबून बघा. बोर्ड रॅमचा वेग जुळवत असतो, त्याला काही मिनिटे लागू शकतात, आणि पडदा तोवर काळाच असतो. बंद पडले समजून मध्येच बटण दाबले की ते सगळे पहिल्यापासून सुरू होते. १५ मिनिटांनंतरही दिवा हलला नाही तर एकच पट्टी ठेवून बघा.

प्रश्न : मे महिन्यात गडगडाट झाला तेव्हा कॉम्प्युटर बंद होता, तरी दुसऱ्या दिवसापासून मॉनिटरवर चित्र नाही. मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला लावला तर एचडीएमआयवर येत नाही, व्हीजीएवर येते. शिवाय सीपीयूच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. घरात स्पाइक गार्ड आहे.
– एक वाचक, वाळपई

उत्तर : तुमच्या चाचणीने अर्धे निदान केलेच आहे. व्हीजीएवर चित्र येते म्हणजे पॅनेल, उजेड, पॉवर सगळे शाबूत आहे. जळले आहे ते एचडीएमआय पोर्टामागचे सर्किट. आता कॉम्प्युटरचे एचडीएमआय टीव्हीला लावून बघा. तिथेही येत नसेल तर दोन्ही टोके गेली. मॉनिटर व्हीजीएवर निवांत वापरता येईल. कॉम्प्युटरला व्हीजीए पोर्ट नसेल तर वर काणकोणच्या बाईंनी आणलेली पिन तुमच्या कामाची, पण आधी कॉम्प्युटरचे एचडीएमआय जिवंत आहे याची खात्री करून.

कॉम्प्युटर बंद असताना वीज कुठून आली? स्विच बंद होता, पण वायरी जोडलेल्या होत्या. विजेच्या लोळाचा धक्का लाइनीतून येतो तसा ब्रॉडबँडच्या तांब्याच्या वायरीतून आणि टीव्हीच्या केबलमधूनही येतो. तो राउटरमधून लॅनच्या (राउटर ते कॉम्प्युटर जाणाऱ्या) वायरीत, तिथून मदरबोर्डात, मदरबोर्डातून एचडीएमआय केबलने मॉनिटरमध्ये शिरतो. स्पाइक गार्ड फक्त लाइनीच्या दाराशी उभा असतो. शिवाय त्याच्या आतली, धक्का शोषणारी एमओव्ही नावाची चकती प्रत्येक धक्क्याला थोडी झिजते. काही वर्षांनी तो नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरतो, दिवा मात्र लागतच राहतो.

झिणझिण्यांचे कारण वेगळे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते काम करत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या धातूकडे जोडलेले असतात, ते अवांछित लहरी अर्थकडे सोडण्यासाठी. अर्थ तुटला की कॅबिनेट या दोहोंच्या मधोमध लोंबकळते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिणते. पण तेच ११५ व्होल्ट एचडीएमआय केबलच्या धातूवरही असतात. अशा वेळी चालू मशीनमध्ये केबल घातली आणि मॉनिटर किंवा टीव्ही दुसऱ्या पातळीवर असला, की त्या क्षणी फरक पोर्टाच्या नाजूक पिनांतून उतरतो. तुमचे पोर्ट विजेने गेले की केबल काढ-घाल करताना, हे आता सांगता येणार नाही. दोन्ही शक्य आहे.

इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन मोजमापे घ्यायला सांगा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी, २३० च्या आसपास हवीत, तिसरे घरात भार चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ १००-१५० च्या घरात आले तर अर्थ तरंगतो आहे, म्हणजे जमिनीशी नीट जोडलेला नाही. आपल्याकडे गोव्यात चिऱ्याची (जांभा दगडाची) जमीन असते. चिरा सच्छिद्र, पावसात ओला पण उन्हाळ्यात खडखडीत कोरडा, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा अडथळा वाढतो. नेमके मे महिन्यात, गडगडाटाच्या दिवसांत, ते सर्वांत दुबळे असते. म्हणून मोजमाप पावसात घेऊन समाधान मानू नका, एप्रिलअखेर घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालणे हा जुना उपाय अजूनही खरा आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचे कन्व्हर्टर लावले असेल तर आजच काढा. चांगले अर्थिंगही त्याच्यापुढे व्यर्थ आहे.

गडगडाट जवळ येताना प्लग भिंतीतून काढा, त्याबरोबर लॅनची वायर आणि टीव्हीची केबलही. पण विजा डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावायला जाऊ नका. ते काम आभाळ भरून येतानाच उरकायचे. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवता येतो, मात्र त्याला धक्का उतरवायला अर्थच लागतो, म्हणून आधी अर्थिंग.

प्रश्न : रिफ्रेश रेट बदलून बघितला, तेव्हापासून विंडोज सुरू झाले की 'इनपुट नॉट सपोर्टेड' येते. सुरुवातीला कंपनीचे चिन्ह मात्र दिसते.
– एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : चिन्ह दिसते म्हणजे यंत्राचा दोष नाही. मॉनिटरला झेपत नाही असे चित्र विंडोज पाठवते आहे. विंडोज सेटिंगमधून बदल केला असता तर १५ सेकंदांत तो आपोआप मागे फिरला असता. ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून केलेला किंवा घाईने 'कीप' दाबलेला बदल चिकटून बसतो.

घरातल्या टीव्हीला केबल लावून बघा, टीव्हीला ते चित्र झेपले तर तिथूनच सेटिंग मागे घ्या. नाहीतर चिन्ह दिसून गोल फिरू लागले की पॉवरचे बटण दाबून धरून मशीन बंद करा, असे लागोपाठ दोनदा. तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो, आणि तो साध्या रिझोल्यूशनवर असल्याने दिसतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ३ दाबा, म्हणजे कमी रिझोल्यूशनमध्ये विंडोज उघडेल. मग रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ करा. मशीनवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर वाटेत रिकव्हरी की मागितली जाईल, ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच काढून ठेवा.

प्रश्न : देवळाच्या सभागृहात लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत १५ मीटर एचडीएमआय केबल टाकली. कधी चित्र येते, कधी मध्येच जाते. पूर्वी व्हीजीएची एवढीच लांब केबल नीट चालायची.
– एका मंदिर समितीचे कार्यकर्ते, पेडणे

उत्तर : व्हीजीएत अंतराबरोबर चित्र हळूहळू अंधूक होते, म्हणून ते चालते असे वाटते. एचडीएमआयत सिग्नल कमजोर झाला की चित्र ठिपके मारते किंवा सरळ जाते, मधली पायरी जवळजवळ नसते. तांब्याच्या साध्या केबलवर १० मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेले टोक लॅपटॉपला, 'डिस्प्ले' लिहिलेले प्रोजेक्टरला. उलटी लावली तर काहीच येणार नाही. तिला काटकोनात मुडपू नका आणि छतातून नेताना खिळ्याने दाबू नका, आत काचेचा धागा असतो. पाइपातून ओढण्याआधी जमिनीवर पसरून, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडून अर्धा तास चालवून बघा. जत्रेच्या आदल्या रात्री छतातून केबल उपसावी लागू नये. तोपर्यंत कार्यक्रम असेल तर लॅपटॉपचे रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा. सिग्नलचा वेग कमी होतो आणि तीच केबल पुष्कळदा तग धरते.